चिपीला एरोब्रिज हवा की छप्पर? एटीआरमध्ये उघड्यावरून चढण्याबद्दल

सड्यावरचा

चिपी विमानतळाला एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा झाकलेला पूल) नाही म्हणजे तो अर्धवट विमानतळ, असा सूर हल्ली सिंधुदुर्गातल्या बऱ्याच ग्रुपांवर ऐकू येतो. "गोव्यात मोपाच्या विमानतळावर जाऊन बघा, कसं आतल्या आत विमानात शिरता येतं, आणि आपल्याकडे अजून शिडी!" मागणीमागची कळकळ खरी आहे. पण मागणी चुकीच्या वस्तूची आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा काढतोय.

चिपी ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. पहिल्या दिवसापासून तिथे मुख्यतः एटीआर-७२ हेच विमान येतं. आधी अलायन्स एअरचं, मग गोव्याच्या फ्लाय९१ चं. साधारण सत्तर माणसं बसतात, दोन पंखे, पंख वरच्या बाजूला. या विमानात माणसं मागच्या डाव्या दरवाज्याने चढतात. दरवाजा खाली उघडतो आणि त्याच्याच आतल्या अंगाला पायऱ्या असतात, म्हणजे शिडी बाहेरून आणायचीही गरज नाही. पुढच्या बाजूला जो मोठा दरवाजा दिसतो तो सामानाचा. आता एरोब्रिज येतो टर्मिनलकडून, म्हणजे विमानाच्या नाकाच्या बाजूने. त्याला मागच्या दरवाज्यापर्यंत पोचायचं तर पंखा आणि पंख ओलांडून जायला हवं. शिवाय दरवाज्याचा उंबरठा जेमतेम माणसाच्या कमरेच्या वर. एअरबस ए३२० चा उंबरठा जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास असतो आणि नेहमीचे एरोब्रिज त्या उंचीसाठी बांधलेले असतात. तेव्हा कोट्यवधी रुपये घालून पूल उभा केला तरी आपलं विमान त्याच्यापासून लांबच उभं राहणार आणि आपण जिन्याने उतरून चालतच जाणार.

मला स्वतःला ते चालणं आवडतं. टर्मिनलच्या काचेतून बाहेर पडलं की सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, वारा अंगावर येतो. कुंपणापलीकडे जांभा, करवंदीची जाळी. विमान उभं असतं तिथे डाव्या पंख्याच्या पात्याला लाल पट्टा बांधलेला असतो, वाऱ्याने पंखा गरगर फिरू नये म्हणून. सहा पाती असतात, प्रत्येकीच्या टोकाशी घासून रंग उडालेला. चाकांना ठोकळे लावलेले. आपण ज्याच्या भरवशावर आकाशात जाणार आहोत ती वस्तू एवढ्या जवळून, पूर्ण आकारात बघायला मिळते. मोठ्या विमानतळावर बोगद्यातून थेट खुर्चीत जाऊन बसतो, विमान कसं दिसत होतं तेही आठवत नाही.

पण जूनमध्ये हेच चालणं वेगळं असतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि सड्यावर तो उभा पडतच नाही, आडवा येतो. छत्री उलटते. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बायका, हातात आंब्याची पेटी नाहीतर गणपतीत सुक्या मासळीची पिशवी. तेवढ्या शंभर पावलांत माणूस चिंब होतो आणि मग तासभर थंड हवेत तसाच बसून मुंबईला उतरतो.

म्हणून माझं म्हणणं: मागायचंच तर छप्पर मागा. टर्मिनलच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत सरकता, चाकांवरचा मंडप. पूल नको. तुमचे अनुभव आणि मतं लिहा. शक्य झालं तर इथली चर्चा एकत्र करून विमानतळाच्या संचालकांना पत्र द्यायचा विचार आहे.

---

कुडाळची_लेक

दादा, लेख आवडला पण एका बाबतीत सहमत नाही. छप्पर झालं तरी पायऱ्या राहतातच ना?

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. घरात वॉकर घेऊन फिरतात. मुंबईला तपासणीसाठी न्यायचं म्हणजे रस्त्याने दहा-बारा तास त्यांना झेपत नाही, रेल्वेत रात्रभर बसवत नाही. विमान हाच पर्याय. व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत छान आली. पुढे त्या पायऱ्या. एटीआरच्या पायऱ्या थोड्या असतात हे खरं, पण अरुंद आणि उभ्या. दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून घेतलं. मुलं चांगली होती, "आजी, घाबरू नका, घट्ट धरा" म्हणत होती. पण सासूबाई आत बसल्यावर मला म्हणाल्या, "मला पोत्यासारखी उचलली गं." त्यानंतर त्या विमानात बसायला तयार नाहीत.

तुम्हाला वारा आवडतो, पंख्याचा पट्टा दिसतो, ते सगळं पायात बळ असलेल्या माणसाला. एरोब्रिज मागणारे सगळेच मोपाशी बरोबरी करायला मागत नाहीत. काहींना फक्त सपाट वाट हवी असते.

---

मालवणी_मीठ

ताई, तुमचा म्हणना माका पटला. माझी आवस पण तशीच. पायरी दिसली काय तिचो जीव वर-खाली होता. छप्पर होयाच, पण आधी चडाक सोपा करूक होया.

---

एप्रनवाला

ग्राउंड हँडलिंगमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोणत्या कंपनीत आणि कुठे ते सांगत नाही.

धागाकर्त्याने दरवाज्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात थोडी भर.

एटीआरला एपीयू नसतं. मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, जमिनीवर उभं असताना वीज आणि थंड हवा देणारं. एटीआरमध्ये ते काम उजवं इंजिनच करतं. त्या बाजूच्या पंख्याला ब्रेक असतो. ब्रेक लावला की इंजिन चालू राहतं पण पंखा थांबलेला. आम्ही याला हॉटेल मोड म्हणतो. म्हणून तुम्ही चढताना उजवीकडून घरघर ऐकू येते आणि डावीकडे सगळं शांत. माणसांची ये-जा डाव्या बाजूने ठेवण्याला हा मोठा आधार आहे. डावं इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही आणि दरवाजा बंद झाल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. शंकू लावून, दोरी धरून आम्ही वाट आखतो ती पंख्याच्या बाजूने कोणी वळू नये म्हणून. लोकांना वाटतं उगाच हटकतात. लहान मूल हात सोडवून धावलं तर ते कुठे धावेल याचा नेम नसतो, म्हणून आमचा एक माणूस पंखाच्या टोकाशी उभाच असतो.

दुसरी गोष्ट शेपटीच्या टेकूची. माणसं मागून चढतात, सामान पुढे भरतात. सामान भरायच्या आधी मागे गर्दी झाली तर विमान मागे झुकू शकतं. म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात. बारकाईने बघितलंत तर दिसेल. "सगळे एकदम चढू नका, थोडे थांबा" असं कधी सांगितलं तर त्यामागे बहुतेक वजनाचा हिशोब असतो.

आणि तिसरी, जी बाहेरच्यांना माहीत नसते. चिपीसारख्या ठिकाणी एटीआर स्वतःच्या बळावर येतं, वळतं, उभं राहतं आणि स्वतःच वळून निघून जातं. एरोब्रिजला लावायचं तर विमान नाक टर्मिनलकडे करून उभं करावं लागतं. मग निघताना मागे ढकलायला ट्रॅक्टर हवा, तो चालवणारा हवा, दांडा जोडणारा हवा, कानाला हेडफोन लावून वैमानिकाशी बोलणारा हवा. दिवसाला मोजकी विमानं येणाऱ्या ठिकाणी ही सगळी फौज उभी करायची म्हणजे तो खर्च शेवटी तिकिटावरच येणार.

खाऱ्या हवेबद्दलही बोललं पाहिजे. एरोब्रिज म्हणजे नुसता पत्र्याचा बोगदा नव्हे. एकात एक सरकणारे भाग, खाली चाकं, मोटारी, हायड्रॉलिक, आणि विमानाच्या अंगाला टेकलेलं एक छोटं चाक. माणसं उतरली की विमान थोडं वर उचलतं, ते या चाकाला कळतं आणि पूल आपोआप उंची जुळवून घेतो. हे सगळं समुद्राजवळ, पावसात, दिवसातले बहुतेक तास न वापरता उभं ठेवलं तर काय होतं ते कोकणात घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खिडकीची ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजते.

कुडाळच्या ताईंसाठी: तुमच्या सासूबाईंना उचलून न्यायला नको होतं. एटीआरच्या दाराला जोडता येणारे उतरते रॅम्प मिळतात. व्हीलचेअर ढकलत थेट दारापर्यंत नेता येते. दारातून आत नेहमीची खुर्ची मावत नाही, म्हणून आत अरुंद खुर्चीवर बसवतात. मोठ्या विमानांसाठी ॲम्ब्युलिफ्ट असते, म्हणजे वर उचलली जाणारी खोलीच. विमानतळ प्राधिकरणाने एरोब्रिज नसलेल्या बऱ्याच विमानतळांवर त्या ठेवल्या आहेत. तेव्हा सपाट वाटेची मागणी शंभर टक्के रास्त आहे, आणि ती पुलाशिवाय पुरी होऊ शकते.

---

कुडाळची_लेक

@एप्रनवाला, काका, रॅम्प असतो हे मला आज कळलं. आम्हाला तिथे कोणी सांगितलंच नाही. असा रॅम्प असतो हे माहीत असतं तर मी तिथेच अडून बसले असते.

---

दर्यासारंग

छान धागा. माझा मुद्दा वेगळा आहे. चिपीचं चालणं कोणाला त्रासाचं वाटत नाही. त्रास आहे मुंबईचा. तिकडे आपलं छोटं विमान टर्मिनलपासून लांब उभं करतात आणि बसने नेतात. त्या बसमध्ये बसायला जागा जवळजवळ नसतेच, सगळे दांड्याला धरून उभे. एटीआरची सगळी माणसं एका बसमध्ये मावतात, म्हणून बस शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाही. जो शहाणा लवकर आला तो सर्वांत जास्त वेळ उभा. मग फिरत फिरत विमानापाशी जायचं, तिथे पुन्हा दारं बंद ठेवून थांबायचं कारण आत सफाई चालू. मे महिन्यात त्या बसमधून उतरल्यावर शिडी चढताना लोक वैतागलेले असतात, आणि मग म्हणतात "शिडी नको, एरोब्रिज हवा".

चिपीला विमान दारात, मुंबईला तालुक्याच्या गावाला. उघड्यावरून चढण्याला जी नावं ठेवली जातात त्यातली निम्मी खरं तर त्या बसच्या वाट्याची आहेत.

---

सड्यावरचा

@दर्यासारंग, अगदी हेच. मी हा फरक मूळ लेखात लिहायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. चालत जाणं आणि बसने जाणं या दोन्ही गोष्टी लोक एकाच पिशवीत टाकतात.

---

शाळामास्तर

थोडा इतिहास, विषयाला धरूनच.

झाकलेल्या वाटेने विमानापर्यंत जायची कल्पना एरोब्रिजपेक्षा जुनी आहे. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ साली एक गोल टर्मिनल बांधलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आकार म्हणून त्याला बीहाइव्ह म्हणतात, इमारत आजही उभी आहे. त्या गोल इमारतीतून रुळांवरून सरकणारे, कापडी छताचे मार्ग बाहेर यायचे आणि प्रवासी न भिजता विमानापाशी जायचे. त्या काळातली विमानंही आपल्या एटीआरसारखी पंख्यांचीच आणि ठेंगणी. धागाकर्ते जे मागताहेत ते जवळजवळ तेच आहे.

आज आपण ज्याला एरोब्रिज म्हणतो तो १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आला. कारण सरळ आहे: जेट विमानं आली. ती उंच, त्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा, इंजिनाच्या मागचा झोत माणूस उडवणारा, आणि एका विमानात शंभराहून जास्त माणसं. एवढ्या माणसांना उघड्यावरून हाकत नेणं धोक्याचंही होतं आणि वेळखाऊही. म्हणजे पूल हे जेटच्या अडचणीवरचं उत्तर होतं. आपल्याकडे ते मोठेपणाचं चिन्ह होऊन बसलं.

उडान योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला गेलं, तेही एटीआरच. छोट्या गावांना छोटी विमानं जोडायची हाच त्या योजनेचा पाया. अशा विमानतळाला भल्यामोठ्या विमानतळाची मोजपट्टी लावायची कशाला?

---

बंदर_रोड

सगळे एका सुरात बोलताय म्हणून मुद्दाम उलट बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो.

चिपीची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे. ती काय एटीआरसाठी बांधली? एटीआरला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पुरतं. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ यावीत म्हणूनच ती एवढी बांधली. उद्या पर्यटन वाढलं, गणपतीत चाकरमान्यांसाठी मोठी विमानं आली, तर तेव्हा पुन्हा टर्मिनल फोडून पूल बसवणार का? आपल्याकडे नेहमी असंच होतं. रस्ता केला की मग पाण्याची पाइप टाकायला खणायचा. आज गरज नाही म्हणून उद्याची सोय करायचीच नाही, हे मला पटत नाही. जवळच मोपा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू, आणि पहिल्या दिवसापासून पूल. वेंगुर्ला, सावंतवाडी, बांदा इथला माणूस सरळ तिकडे जातो. का जातो? विमानं जास्त, हे एक. आणि सोयी चांगल्या, हे दुसरं.

---

एप्रनवाला

@बंदर_रोड, तुमचा प्रश्न गंभीर आहे, म्हणून तसंच उत्तर देतो.

रोज चार-पाच जेट विमानं येऊ लागली तर एरोब्रिजचे फायदे खरे आहेत. पावसापासून बचाव तर आहेच. वीज पडण्याचा धोका असला की एप्रनवरची, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवरची, कामं थांबवावी लागतात. इंधन भरणं थांबतं, सामान थांबतं, आणि उघड्यावरून माणसं नेणंही थांबतं. पूल असेल तर निदान माणसं आत जाऊन बसू शकतात. आपल्याकडे मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडाट होतो तेव्हा हे जाणवेल. पुलाबरोबर विमानाला वीज आणि थंड हवाही जोडता येते, म्हणजे विमानाने स्वतःचं एपीयू चालवून इंधन जाळायला नको. हे मी अनुभवाने सांगतो, पुलाच्या विरोधात मी नाही.

पण मोठं विमान आलं म्हणजे पूल हवाच असंही नाही. पूल सहसा एकाच दाराला लागतो, पुढच्या. शिड्या किंवा रॅम्प लावले तर पुढून आणि मागून दोन्हीकडून माणसं चढतात-उतरतात. २०२२ मध्ये इंडिगोने तर तीन ठिकाणांहून उतरवायला सुरुवात केली, पुढे दोन रॅम्प आणि मागे एक. तेरा-चौदा मिनिटांचं काम सात-आठ मिनिटांवर येईल असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. त्यांचे ते वळणाचे रॅम्प तुम्ही पाहिले असतील. पायरी नाही, व्हीलचेअर ढकलत वर जाते. स्वस्त कंपन्या पुलाऐवजी उघडी जागा का घेतात याचं एक कारण भाडं आहे आणि दुसरं हा वेळ.

उद्याची सोय म्हणाल तर टर्मिनल वाढवताना पूल बसवायची जागा राखून ठेवा, पाया घालून ठेवा. तेवढं पुरे. यंत्र विकत घेऊन गंजवत ठेवू नका.

---

दूरदेशी

कॅलिफोर्नियात राहते, माहेर देवगड. आमच्या जवळच्या लाँग बीच विमानतळावर एरोब्रिज नाहीत. तिथे जेट विमानं येतात, गर्दी असते, अमेरिकेतला श्रीमंत भाग आहे, तरी प्रवासी उघड्यावरून चालत जाऊन रॅम्पने चढतात. लोकांना तो विमानतळ त्यासाठीच आवडतो. हवाई बेटांवरचं कोना विमानतळही तसंच, काळ्या लाव्हाच्या सड्यावर बांधलेलं, बसकी छपरं, मोकळ्या भिंती. पहिल्यांदा उतरले तेव्हा मला रत्नागिरीची आठवण झाली, खडक तेवढा काळा.

दोन्हीकडे पाऊस आपल्यासारखा नाही, हे मान्य. पण "पूल नाही म्हणजे मागासलेलं" हे डोक्यातून काढायला ही उदाहरणं उपयोगी पडावीत. तिथे व्हीलचेअरवरच्या माणसाला कोणी हाताने उचलत नाही, एवढं मात्र नक्की सांगते. रॅम्प कायम लावलेलाच असतो, मागावा लागत नाही.

कुडाळची_लेक, तुझ्या सासूबाईंचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं.

---

पाणंद

एक मुद्दा सुरक्षिततेचा. उघड्यावर चालायला मिळतं म्हणजे ती आपली मोकळी जागा नव्हे, हे लोकांना सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं. बरेच तास लटकलेले प्रवासी खाली उतरून विमानाच्या शेजारी एप्रनवरच बसले आणि तिथेच जेवले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. प्रवाशांचा राग समजण्यासारखा होता, पण चालू एप्रनवर मांडी घालून बसणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात विमान कंपनीला आणि मुंबई विमानतळालाही दंड झाला.

चिपीला लोक विमानापुढे उभं राहून फोटो काढतात, व्हिडिओ कॉल लावतात. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजोबांचा फोटो काढावासा वाटणारच. पण शेजारी इंधनाची गाडी उभी असते, मागे एक इंजिन चालू असतं. चालता चालता पटकन एक काढला तर कर्मचारी काणाडोळा करतात, रांग अडवून काढू नये. आणि गोव्यात दाबोळीला तर बिलकूल नको, ते नौदलाचं विमानतळ आहे, तिथे फोटोला मनाईच आहे.

@एप्रनवाला, एक शंका. बॅगेचं काय? मोठ्या विमानात चालणारी ट्रॉली बॅग एटीआरच्या शिडीपाशी काढून घेतात. का?

---

एप्रनवाला

@पाणंद, वरचे कप्पे लहान असतात. ए३२० मध्ये आडवी मावणारी बॅग तिथे मावत नाही. म्हणून शिडीपाशी टॅग लावून पुढच्या सामानाच्या कप्प्यात टाकतात. औषधं, दागिने, चार्जर, पॉवर बँक आधीच काढून हातातल्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक तर खालच्या सामानात द्यायचीच नसते, आणि शिडीपाशी पावसात बॅग उघडून शोधत बसणारे लोक मी रोज पाहिलेत. आंब्याच्या पेट्या मात्र आधीच काउंटरवर द्या. शिडीवर पेटी घेऊन चढणारा माणूस दोन्ही हात गुंतल्यामुळे कठडा धरत नाही. ओल्या पायरीवर घसरलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं.

---

सड्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून माझ्या मागणीचा क्रम बदलतोय.

मी छप्पर पहिलं धरलं होतं. कुडाळच्या ताईंचं वाचल्यावर रॅम्प पहिला. पाऊस चार महिने असतो, गुडघे बारा महिने दुखतात. रॅम्प दाराला लावून ठेवलेलाच असावा, दूरदेशी म्हणतात तसा, कोणी मागितला तर शोधून आणायचा असा नको. ज्याला पायऱ्या चढायच्या तो रॅम्पनेही चढेल, त्याचं काही बिघडत नाही.

मग छप्पर. इथे मला एप्रनवाल्यांना विचारायचंय. सड्यावरच्या वाऱ्यात चाकांवरचा मंडप टिकेल का? तो उडून विमानावर आपटला तर भलतंच होईल.

मग एप्रनच्या वाटेवर खरखरीत रंगाचा पट्टा, शेवाळ धरणार नाही असा. आपल्याकडे जुलैत काँक्रीटसुद्धा हिरवं होतं.

आणि मुंबईच्या बससाठी वेगळं पत्र, कारण ते चिपीच्या हातात नाही. निदान म्हाताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवा, आणि विमान तयार झाल्यावरच बस सोडा, एवढं तरी.

@बंदर_रोड, पुलासाठी जागा राखून ठेवावी हा तुमचा मुद्दा पत्रात घेतो.

---

बंदर_रोड

तेवढं घेतलंत तर माझी सही आहे. छपराबाबत मात्र मी अजून साशंक आहे, वाऱ्याचं कारण तुम्हीच दिलंत.

---

एप्रनवाला

वाऱ्याबद्दल: संपूर्ण वाट झाकायला जाऊ नका. टर्मिनलपासून एप्रनच्या कडेपर्यंत पक्कं, जमिनीत रोवलेलं छप्पर. तिथून विमानापर्यंतचा शेवटचा तुकडा सरकता, बुटका, चाकांना ब्रेक आणि जमिनीत अडकवायचे हूक असलेला. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की तो तुकडा मागे घ्यायचा आणि तेवढ्या वेळापुरत्या छत्र्या किंवा बस. विमानाच्या पंखाचं टोक, इंधनाची गाडी आणि अग्निशमनची गाडी यांची वाट मोकळी राहिली पाहिजे, म्हणून पक्कं छप्पर कुठपर्यंत न्यायचं हे विमानतळाचेच लोक ठरवतील. पत्रात लांबी-रुंदी लिहू नका, गरज लिहा.

---

कुडाळची_लेक

रॅम्प पहिला घेतलात, बरं वाटलं. पण पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत काय करायचं? पुढच्या महिन्यात सासूबाईंची तपासणी आहे.

---

एप्रनवाला

ताई, तिकीट काढतानाच व्हीलचेअर आणि "पायऱ्या चढू शकत नाही" हे दोन्ही नोंदवा. नुसतं व्हीलचेअर लिहिलं तर लोक समजतात की पायरीपर्यंत सोडलं की झालं. जिना चढू शकणाऱ्यांसाठी एक कोड असतो, न चढू शकणाऱ्यांसाठी दुसरा, आणि जागेवरून अजिबात उठू न शकणाऱ्यांसाठी तिसरा. तुमच्या सासूबाईंसाठी दुसरा किंवा तिसरा लागेल, तो तिकिटावर पडलाय का बघा. नाहीतर किमान ४८ तास आधी विमान कंपनीला फोन आणि मेल दोन्ही करा. मेलमध्ये स्पष्ट विचारा: चिपीला रॅम्प आहे का, नसेल तर कशाने चढवणार? मुंबईच्या बाजूचंही त्याच मेलमध्ये विचारा, तिथे उतरायचं आहेच. उत्तर लेखी घ्या आणि विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोचून ड्यूटीवरच्या व्यवस्थापकाला ते दाखवा. यासाठी पैसे मागितले तर देऊ नका, ही सोय फुकट द्यायची असते.

---

कुडाळची_लेक

आजच मेल करते. उत्तर आलं की इथे टाकते, पत्रात जोडायलाही उपयोगी पडेल.